मे महिन्यात पुण्याहून अंजनगाव सुर्जी कारने, रात्री निघावं की पहाटे? (सोबत आई आणि ४ वर्षांचं लेकरू)

अंजनगावची_लेक
नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

माझं आजोळ अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या जवळचं एक खेडं. आजी ८८ वर्षांची आहे, आता तिला प्रवास अजिबात झेपत नाही, आणि आई (वय ६६, शुगर, इन्सुलिन चालू, गुडघे दुखतात) बाबा गेल्यापासून पुण्यात माझ्याकडेच असते. तीन वर्षं झाली माय-लेकींची भेट नाही. दर आठवड्याला फोनवर आजी एकच विचारते, कुरड्या घालायच्या वेळेला येता का गं. यावर्षी ठरवलं, काहीही होवो, मे मधे आईला घेऊन जायचंच.

रेल्वेचं बघितलं. बडनेऱ्यापर्यंतच्या सगळ्या गाड्या वेटिंग, हल्ली ६० दिवस आधी बुकिंग उघडतं आणि त्या दिवशी सकाळी आम्ही आईच्या डोळ्यांच्या तपासणीत अडकलो होतो, झालं, गेली तिकिटं. ट्रॅव्हल्सच्या स्लीपरला आई वर चढू शकत नाही आणि रात्री बाथरूमची पंचाईत. म्हणून आपलीच गाडी. ७ वर्षं जुनी हॅचबॅक आहे, पेट्रोल, एसी बरा चालतो.

आता घरात वाद असा आहे की नवरा म्हणतो रात्री १० ला निघू, ऊन लागणार नाही, लेकरू झोपेल, सकाळी ७ ला दारात. मला रात्रीची भीती वाटते, तो एकटाच चालवणारा आहे, मला हायवेवर सवय नाही. पहाटे निघालं तर विदर्भात शिरेपर्यंत भर दुपार. समृद्धीने यावं की जुन्या रस्त्याने जालना, चिखली, खामगाव करत? आईसाठी थांबायच्या जागा कुठल्या? ज्यांनी म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना घेऊन हा प्रवास केलाय त्यांनी प्लीज सांगा.

गोदाकाठ
ताई, मी संभाजीनगरचा, कामानिमित्त पुणे आणि अकोला दोन्हीकडे सारखी ये-जा असते त्यामुळे सांगू शकतो. सगळं मिळून तुमचं साधारण ६०० किमी होईल. पुणे ते संभाजीनगर २३५ च्या आसपास, तिथून समृद्धीने कारंजा लाडपर्यंत अडीचशेच्या वर, आणि कारंज्याला उतरून मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव हे राहिलेलं.

पहिल्या टप्प्याला कमी लेखू नका. अंतर कमी वाटतं पण वाघोली ते शिक्रापूर ज्या वेळेला अडकाल त्या वेळेला दीड तास तिथेच जातो. रांजणगाव, शिरूर, सुपा, सगळीकडे एमआयडीसीचे ट्रक. नगरला बायपास घ्या. पुढे घोडेगाव, नेवासा फाटा, कायगाव टोक्याला गोदावरीचा पूल ओलांडला की वाळूज. तिथून शहरात न शिरता माळीवाड्याच्या इंटरचेंजवरून समृद्धीला लागता येतं.

माझं स्पष्ट मत, एका दमात करूच नका. दुपारी ३-४ ला पुण्यातून निघा, रात्री ९ पर्यंत संभाजीनगर, इथे साधं लॉज घ्या, तळमजल्यावरची खोली मागून घ्या, आणि सकाळी ५ ला निघा. उन्हाचा तडाखा बसायच्या आत, अकरापर्यंत अंजनगाव. एक रात्रीचं भाडं जाईल पण आईंचे पाय आणि नवऱ्याचे डोळे दोन्ही शाबूत राहतील.

आणि हो, फास्टॅगचा तो वार्षिक पास असेल तर तो राष्ट्रीय महामार्गांचा आहे, समृद्धीवर चालत नाही. बॅलन्स वेगळा ठेवा, एकदा एक्झिटला बॅलन्स संपला म्हणून मागे लाईन लागलेली पाहिलीय.

निशाचर
मी गेली सात-आठ वर्षं पुणे-नागपूर रात्रीच करतो. ऊन नाही, एसीवर लोड नाही, पोरं झोपलेली असतात, ट्रॅफिक कमी. दुपारी झोप काढून निघायचं, दर दोन तासांनी चहा. समृद्धी रात्री पण मस्त आहे. उगाच घाबरवू नका लोकांना.

स्टेपनी
निशाचर भाऊ तुमचा अनुभव तुमच्यापाशी, पण तुम्ही बहुतेक एकटे किंवा दोघं चालवणारे असता. इथे एकच ड्रायव्हर आहे, तो दिवसभर ऑफिस करून रात्री १० ला बसणार, आणि पहाटे ३ ते ५ ला त्याची सगळ्यात कठीण वेळ नेमकी समृद्धीवर येणार. तो रस्ता सरळ आहे, दोन्ही बाजूला काही नाही, ना गाव ना टपरी ना आडवी येणारी म्हैस, डोळा कधी लागतो ते कळतच नाही. हिशोब करा, १२० च्या वेगाला सेकंदाला ३३ मीटर जाते गाडी. तीन सेकंद डुलकी म्हणजे १०० मीटर कोणीच चालवत नाहीये. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली, २५ माणसं गेली, ती वेळ पण मध्यरात्रीनंतरचीच होती. मी ते विसरू शकत नाही.

आता टायरचं, कारण मे महिन्यात या रस्त्यावर निम्मे प्रश्न टायरचे असतात. लोकांना वाटतं उन्हात हवा कमी ठेवावी म्हणजे फुटणार नाही. उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू सारखी दबते-उठते, त्यानेच तो आतून तापतो, आणि सिमेंटच्या रस्त्यावर तासन्तास वेगात पळाला की फाटतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत कंपनीचा स्टिकर असतो, चार माणसं आणि सामान असेल तर त्यावरचा फुल लोडचा आकडा बघा आणि सकाळी गाडी थंड असताना तेवढी भरा. मधे कुठे थांबून गरम टायरला गेज लावला की आकडा वाढलेला दिसेल, घाबरून हवा सोडू नका.

७ वर्षांची गाडी म्हणालात, टायर बदललेत का? टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसू दे, सहा वर्षांच्या पुढचा टायर मी तरी मे मधे समृद्धीवर नेणार नाही. आणि स्टेपनीचं साल बघा, तिच्याकडे कोणी बघत नाही. वेग ९०-१०० धरा, १२० ची परवानगी आहे म्हणून १२० गाठायलाच पाहिजे असं नाही.

निशाचर
एकच ड्रायव्हर आहे हे माझ्या नजरेतून सुटलं. तसं असेल तर गोदाकाठ म्हणतात ते बरोबर आहे, मी पण बायकोसोबत आलटून पालटून चालवतो. शब्द मागे घेतो.

वऱ्हाडी_माणूस
ताई, मी अंजनगाव तालुक्यातलाच. रात्री काऊन येऊन राहिले तुम्ही? आजी ८८ वर्षं थांबली, चार तास अजून थांबंल, पण तुम्ही नीट या.

तारीख कोणती धरली ते सांगितलं नाही. जमत असंल तर २५ मे च्या आत या. त्याच्यानंतर नवतपा लागते, सूर्य रोहिणीत गेला की नऊ दिवस आमच्याइकडे माणूस ११ नंतर बाहेर पडत नाही, रस्ते सुने पडतात. आमच्या शाळा पण म्हणूनच उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. पुण्याच्या लेकराले हे ऊन माहीत नाही. आल्या आल्या थंडगार पाणी पाजू नका, आधी कूलरपुढं पण बसवू नका, दहा मिनिटं ओसरीत बसू द्या, मग पन्हं द्या. डोक्याले दुपट्टा बांधूनच गाडीतून उतरवा.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे पाणी. मूर्तिजापूर, दर्यापूर हा सगळा खारपाणपट्टा हाये. बोअरचं पाणी खारं. हॉटेलात ठेवलेलं पाणी तुमच्या आईले आणि लेकराले देऊ नका, कारंज्यापर्यंतच पुरेसं भरून घ्या. अंजनगावात आलं की नळाचं चालते.

रस्त्याचं म्हणाल तर कारंजा ते मूर्तिजापूर ठीक, दर्यापूरच्या पुढं कुठं चांगला कुठं खराब, घाई नका करू. तुमच्या आईले विचारा, या रस्त्याच्या सोबतीनं आपली शकुंतला, ती लहान रेल्वेगाडी, धावायची. यवतमाळवरून कारंजा करत मूर्तिजापूर, आणि मूर्तिजापूरवरून दर्यापूर अंजनगाव करत अचलपूर. आता बंद हाये, पण त्यांच्या पिढीचं अर्धं माहेरपण त्या गाडीतच झालं.

अंजनगावची_लेक
वऱ्हाडी दादा, तुमचं वाचून दाखवलं आईला आणि ती एकदम गप्प झाली, मग म्हणाली बाळंतपणाला मी शकुंतलेनेच गेले होते, तुझ्या वेळेला. मला हे माहीतच नव्हतं.

स्टेपनी, टायर बघितले. चारही २०२२ चे निघाले पण स्टेपनी गाडीसोबत आलेली, २०१८ ची. उद्या बदलतोय. नवऱ्याने ते तीन सेकंदांचं गणित दोनदा वाचलं आणि रात्रीचा विषय स्वतःच बंद केला. आता गोदाकाठ यांच्या प्लॅनने जायचं ठरतंय, १४ तारखेला दुपारी.

अजून दोन शंका. इन्सुलिनचं काय करायचं उन्हात? आणि आईला वेस्टर्न टॉयलेट लागतं, खाली बसता येत नाही.

वॉर्ड_नंबर_पाच
मी नर्स आहे, २१ वर्षं झाली. इन्सुलिन डिकीत किंवा डॅशबोर्डवर अजिबात नाही. बंद गाडी मे मधे अर्ध्या तासात भट्टी होते आणि तापलेलं इन्सुलिन दिसायला तसंच दिसतं, फक्त काम करत नाही, मग शुगर का वाढली ते कळत नाही. रुंद तोंडाच्या थर्मासमधे ठेवा, बर्फाला थेट टेकू देऊ नका, गोठलं तरी वाया जातं, मधे रुमालाची घडी ठेवा. थर्मास आईंच्या पायाशी, एसीच्या हवेत. जेवायला उतरलात तर थर्मास हातात घेऊन उतरा. लेकरू आणि इन्सुलिन दोन्ही गाडीत एकटं सोडायचं नाही, पाच मिनिटांसाठी पण नाही.

जेवण पुढे ढकललं जाणार असेल तर इंजेक्शन आधी देऊन बसू नका, ताट समोर आल्यावर द्या. डब्यात दशम्या, धपाटे ठेवा, दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या उन्हात टिकतात, दहीभात टिकत नाही. साखरेच्या पुड्या पर्समधे वरच्या कप्प्यात, घाम फुटला, हात थरथरले, बोलणं असंबद्ध वाटलं तर आधी साखर, मग बाकीचं. बीपीसाठी लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना फोन करून विचारा, उन्हात त्या गोळीचं गणित बदलतं.

आणि एक फार महत्त्वाचं. बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत, बाथरूमला जावं लागू नये म्हणून. तुमची आई पण तेच करणार, मी पैजेवर सांगते. माझी आई करायची, आणि एकदा नगरच्या पुढे चक्कर येऊन पडली. म्हणून मेडिकल दुकानात घडीची कमोड खुर्ची मिळते ती घ्या, डिकीत आडवी बसते. भारतीय टॉयलेटवर ती ठेवता येते. आईंना सांगून ठेवा की सोय सोबत आहे, मग त्या पाणी पितील. दर दीड तासाला उतरवून शंभर पावलं चालवा, पाय सुजणार नाहीत.

गोदाकाठ
खुर्चीची आयडिया एक नंबर. समृद्धीवर पेट्रोल पंपांवर टॉयलेट आहेत पण स्वच्छतेची खात्री मी देणार नाही, आणि दोन पंपांमधे अंतर बरंच असतं. पुणे-नगरसारखं मनात आलं की थांबा असं तिथे नाही, कडेला गाडी लावून उभं राहणं तर अजिबात नको. टाकी संभाजीनगरलाच फुल करून घ्या.

परत येताना वेळ असेल तर अकोट करून शेगावला या. गजानन महाराजांचं दर्शन, संस्थानच्या भक्तनिवासात मुक्काम, आईंना बरं वाटेल आणि प्रवास पण आपोआप दोन भागात होईल.

अंजनगावची_लेक
मंडळी, आजीच्या ओसरीवरून लिहितेय. तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून सांगितलंत, म्हणून काय झालं ते सांगायलाच पाहिजे.

१४ ला दुपारी सव्वातीनला निघालो, वाघोलीत पाऊण तास गेलाच. नगरच्या पुढे पहिला मोठा थांबा, आईला चालवलं, खुर्ची पहिल्यांदा वापरली. आधी ती लाजत होती, नको गं लोक बघतील म्हणाली, पण त्यानंतर स्वतःहून पाण्याची बाटली मागायला लागली. नर्सताई, तुमची पैज तुम्ही जिंकलात, नगरपर्यंत तिने दोन घोट सुद्धा घेतले नव्हते. रात्री साडेनऊला लॉजवर.

सकाळी ५ वाजून १० मिनिटांनी निघालो. समृद्धीवर उजाडलं. सिंदखेडराजाची पाटी आली तेव्हा आईने गाडीतूनच जिजाऊंना हात जोडले, लेकीने बघून तसेच जोडले. वेग ९५ च्या वर नेला नाही. आमच्या पुढे एका गाडीचा टायर गेलेला दिसला, माणसं कडेला सुखरूप उभी होती, पण रस्त्यावर रबराचे तुकडे बघून नवऱ्याने मला न सांगता वेग आणखी कमी केला. मधे एका पंपावर २० मिनिटं थांबून दशम्या खाल्ल्या.

कारंज्याला साडेआठला उतरलो. आईची इच्छा होती म्हणून गुरुमंदिरात गेलो, नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, लहानपणी आजोबांसोबत यायची ती. तिथेच पाण्याचे कॅन भरले. मूर्तिजापूरनंतर मात्र ऊन अंगावर यायला लागलं, दहाच वाजले होते पण काच तापलेली, एसी नावापुरता. दर्यापूरच्या पुढे खड्ड्यांनी लेकीला उलटी झाली. बाभळीच्या सावलीत थांबलो, चमच्या चमच्याने ओआरएस पाजलं, वीस मिनिटांत हसायला लागली.

तिथे थांबलो म्हणूनच रूळ दिसले. गवतात, काटेरी झुडपात, अगदी अरुंद. आई काठी टेकत तिथपर्यंत गेली आणि नातीला सांगायला लागली, ही माझी गाडी, इतकी हळू जायची की माणसं उतरून पुन्हा चढायची, तुझी आई पोटात होती तेव्हा मी खिडकीत बसून याच्यावरून गेले. मी तिला इतकं बोलताना बाबा गेल्यापासून ऐकलं नव्हतं. घाई करायचं माझ्या जिवावर आलं, दहा मिनिटं तशीच जाऊ दिली.

साडेअकराला दारात. आजी बाजेवर बसून होती, सकाळी सातपासून तिथेच बसलीय असं मामी म्हणाली. आई खाली बसू शकत नाही आणि आजी उठू शकत नाही, दोघी एकमेकींचे हात धरून तशाच राहिल्या. मग आजी पहिलं वाक्य काय बोलली, तर गहू भिजवले आहेत, आज दुसरा दिवस.

तिसऱ्या दिवशी मामीने गहू वाटून गाळून ठेवले, चौथ्या दिवशी पहाटे चार वाजता चीक शिजवला. आजीने बाजेवरून सांगायचं, मीठ आता घाल, हाटत राहा, गुठळी होईल, आणि आईने खुर्चीवर बसून सोऱ्या दाबायचा. मी गच्चीत नेऊन घालत होते, ऊन चढायच्या आत सगळ्या घालून झाल्या. लेकीने गरम चीक तेल घालून वाटीभर खाल्ला आणि अजून मागितला. काल आमरस आणि सरगुंडे. इथल्या संत्र्याच्या बागा सध्या ताणावर आहेत, पाणी तोडलेलं, पानं मलूल, मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलं यावीत म्हणून. लेक विचारत होती झाडं आजारी आहेत का, मामाने तिला बागेत नेऊन पहाटे सगळं समजावलं.

दुपारी ११ ते ५ कोणी बाहेर पडत नाही. कूलरमधे पाणी भरायचं काम लेकीकडे आहे. आईची शुगर रोज बघतोय, बरी आहे.

वऱ्हाडी_माणूस
वाचून डोळ्यात पाणी आलं ताई. चीक खाल्ला लेकरानं म्हणजे सगळं भेटलं. परतीचं काय ठरलं? २५ नंतर असंल तर पहाटे साडेचारलाच निघा, अकोटचा रस्ता करा.

अंजनगावची_लेक
२३ ला पहाटे, अकोटवरून शेगाव, तिथे मुक्काम, मग २४ ला पुणे. आई अजून पंधरा दिवस राहते म्हणाली, मामा तिला जूनमधे पाऊस पडला की घेऊन येणार आहे, त्याचं रेल्वेचं तिकीट काल काढलं, बडनेऱ्याहून, खालचा बर्थ मिळाला. कमोड खुर्ची इथेच ठेवतेय, आजीलाही ती आवडलीय. आजीने आमच्यासाठी मुंगवड्यांचा डबा आत्ताच बांधून दाराशी ठेवलाय, निघायला अजून चार दिवस आहेत तरी.